घर आणि बिऱ्हाड

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या मेळाव्यात जुने सोबती भेटले की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "सध्या कुठे असतोस?" कोणी बंगळूर सांगतो, कोणी कोलकाता, कोणी त्याहून दूरचे नाव घेतो, आणि कोणी नुसते "इथेच" म्हणतो. "इथेच" म्हणणाऱ्याचा आवाज किंचित खाली येतो, जणू राहून जाणे म्हणजे मागे पडणे. बाहेर असणारा उत्तर देतो आणि लगेच जोडतो, "पण दिवाळीला येतोच." पहिल्याच्या उत्तरात उणेपणाची छटा असते, दुसऱ्याच्या उत्तरात अपराधाची. या दोन्ही छटा अनावश्यक आहेत का, आणि आपल्याच राज्यात राहण्याचे सुख नेमके कशात आहे व त्याची किंमत कोणती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

माशाला पाण्याविषयी विचारण्यात अर्थ नसतो. स्वतःच्या राज्याचे मोलही ज्याला ते अहोरात्र लाभले आहे त्याला चटकन सांगता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अशा एका नगराकडे पाहणे सोयीचे ठरते, जिथे राहणारा जवळजवळ प्रत्येक जण दुसरीकडून आला आहे. कोलकात्याच्या ईशान्येला, विमानतळाजवळ वसलेले न्यू टाउन हे असे नगर आहे. राजारहाट आणि भांगड परिसरातील भातशेती, फळबागा आणि मासे वाढवण्याच्या तळ्यांच्या भूमीवर ते उभे राहिले. १९९९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने त्यासाठी हिडको हे महामंडळ स्थापन केले. आज तिथे रुंद रस्ते आहेत, संगणक कंपन्यांची संकुले आहेत, विद्यापीठे आहेत आणि ४८० एकरांवर पसरलेले इको पार्क आहे. रवींद्रनाथ आणि नझरूल यांच्या नावांची सांस्कृतिक केंद्रेही आहेत.

मराठी माणसाचा या नगराशी संबंध काय, असा प्रश्न इथे पडेल. त्याचे एक उत्तर कोळशात आहे. कोल इंडिया या सार्वजनिक कंपनीचे मुख्यालय, कोल भवन, न्यू टाउनमध्ये आहे. आणि तिच्या उपकंपन्यांपैकी वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीचे मुख्यालय नागपूरला आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातील खाणी तिच्याच. अधिकाऱ्यांच्या बदल्या उपकंपन्यांमध्ये आणि मुख्यालयात होत राहतात. संगणकक्षेत्रातील तरुण मंडळी वेगळ्या वाटेने तिथे पोहोचतात.

असे एखादे वऱ्हाडी किंवा नागपुरी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नव्या सदनिकेत सामान लागते आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात येते की ज्वारीचे पीठ कोपऱ्यावरच्या गिरणीत मिळणार नाही. शेजारच्या स्वयंपाकघरातून मोहरीच्या तेलाचा वास येतो. त्याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि झाली की सुट्टीत नागपूरला गेल्यावर त्याचीच आठवण होते. रखवालदार गृहिणीला "बौदी" म्हणतो. तिला सुरुवातीला ते परके वाटते. पुढे कळते की बौदी म्हणजे वहिनी, आणि मग तो शब्द आपलासा होतो. गुढीपाडव्याला मात्र तिथे कचेरी चालू असते. गुढी उभारायची ती सकाळी सातच्या आत, आणि ही काठी, हे वस्त्र, हा उलटा कलश कशासाठी, हे शेजाऱ्यांना समजावून सांगत. मग एप्रिलच्या मध्यावर बंगाली नववर्ष येते, तेव्हा शेजारीण मिठाई घेऊन येते आणि समजावून सांगण्याची पाळी तिची असते.

स्वतःच्या राज्यात राहण्याचे पहिले सुख इथे ध्यानात येते. आपल्या राज्यात माणसाला स्वतःचा अर्थ सांगत बसावे लागत नाही. नावाच्या मध्ये वडिलांचे नाव का, आडनावाच्या शेवटी 'कर' का, संक्रांतीला तीळगूळ देऊन गोड बोलायला का सांगायचे, हे कोणी विचारीत नाही. अर्धे वाक्य बोलले तरी उरलेले अर्धे समोरच्याला कळते. विनोद आणि टोमणे तर भाषेच्या या सामाईक ठेवीवरच जगतात. परमुलखात भाषा शिकता येते, व्यवहारही उत्तम करता येतो. परंतु दुःखाच्या वेळी नेमका शब्द सुचण्याची आणि तो ऐकणाऱ्याला नेमका पोहोचण्याची खात्री घरच्या भाषेतच असते.

दुसरे सुख अधिक रोकडे आहे. सातबाऱ्याचा उतारा, ग्रामसभेची नोटीस, पोलिस ठाण्यातील फिर्याद ही कागदपत्रे आपल्या भाषेत असणे म्हणजे सामान्य माणसाला राज्यकारभार वाचता येणे. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या अनेक वाटाही राज्याच्या सीमेला बांधलेल्या आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील पदवीच्या ८५ टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या असतात, आणि महाराष्ट्रात त्यांसाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावी याच राज्यातून उत्तीर्ण होण्याची अट, काही अपवाद वगळता, असते. बदलीवर गेलेल्या आईवडिलांना मुलाच्या नववीपासूनच ही चिंता लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये स्पष्ट केले की मूळ राज्यातील नोंदीच्या आधारे दुसऱ्या राज्याच्या सेवेत आरक्षण मागता येत नाही. माणूस गाडीत बसून सीमा ओलांडतो, पण त्याचे सगळे हक्क त्याच्याबरोबर प्रवास करीत नाहीत.

हे सुख आयते मिळालेले नाही, हे या सभेत सांगण्याची गरज नाही. १ मे १९६० च्या आधी संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. मात्र अशीच कथा बंगालचीही आहे, हे कमी लोकांना ठाऊक असते. तेव्हा बिहारमध्ये असलेल्या मानभूम जिल्ह्यातील बंगाली भाषकांनी आपल्या भाषेसाठी दीर्घ सत्याग्रह केला. १९५६ मध्ये त्यांचा जथा पायी कोलकात्याला गेला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पुरुलियाचा भाग पश्चिम बंगालमध्ये आला. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माणसाने तर पिढ्यान्‌पिढ्यांचे घरही सोडलेले नाही. तरी त्याचे राज्य ते त्याचे झाले नाही. घराच्या उंबऱ्याआत एक भाषा आणि कचेरीच्या उंबऱ्याआत दुसरी, असे जिणे तो आजही जगतो. ज्यांना हे सुख न मागता लाभले, त्यांनी ज्यांना मागूनही लाभले नाही त्यांची आठवण ठेवली पाहिजे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू.

आपल्या राज्यात राहण्याची सर्वांत मोठी अडचण म्हणजे तिथे पोट भरेलच असे नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, विटा हा पट्टा पर्जन्यछायेचा. तिथल्या तरुणांनी गलाईचा, म्हणजे जुने सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा व्यवसाय हाती घेतला आणि भारतभरच्या सराफ बाजारांत ते पसरले. कोलकात्याचा बाजारही त्याला अपवाद नाही. त्याच वेळी पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील घाटाल आणि दासपूर भागातले बंगाली कारागीर मुंबईच्या झवेरी बाजारात येऊन दागिने घडवीत राहिले. मराठी माणूस बंगालमध्ये जाऊन सोने शुद्ध करतो आणि बंगाली माणूस महाराष्ट्रात येऊन त्याचे दागिने करतो. दोघांच्याही गावी म्हातारी माणसे दारात बसून वाट पाहतात. दुष्काळ आणि पूर यांनी दोघांना घरातून उठवले. टेंभू योजनेचे पाणी पोहोचल्यापासून आटपाडीकडे शेतीचा विचार पुन्हा होऊ लागला आहे. पाणी आले की माणसाला राहावेसे वाटते; राहण्याचा उपदेश पाण्याच्या आधी करू नये.

आरोग्याचेही तेच. बंगाल आणि ईशान्येकडील कर्करोगाचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरीत आले आहेत. आजाराच्या जोडीला परकी भाषा आणि डोक्यावरच्या छपराची विवंचना त्यांच्या वाट्याला येते. २०११ मध्ये न्यू टाउनमध्ये टाटा मेडिकल सेंटर सुरू झाले, तेव्हा त्यांतील अनेकांना आपल्याच राज्यात उपचार घेण्याचा पर्याय मिळाला. राज्यात राहणे हे सुख तेव्हाच ठरते, जेव्हा ती निवड असते. पर्याय नसताना राहणे हा कोंडमारा आहे, आणि पर्याय नसताना जाणे ही हद्दपारी.

शिवाय 'आपले राज्य' सर्वांना सारखेच जवळ असते असेही नाही. गडचिरोलीच्या मुलाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. तो शिकायला पुण्याला गेला तर कागदोपत्री स्वतःच्याच राज्यात असतो, पण त्याची बोली ऐकून हसणारे त्याला तिथेही भेटतात. संधी दोन-तीन शहरांत गोळा झाल्या की राज्यातल्या राज्यातच माणसे परकी होतात.

याहून खोल अडचण ओळखीची आहे. घरच्या मुलखात सगळे ओळखतात हे जसे सुख आहे, तसा तो फासही आहे. "कोणाचा रे तू?" हा प्रश्न एकाला मायेचा वाटतो आणि दुसऱ्याला त्यात जातीची चौकशी ऐकू येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका-इंग्लंडमधील शिक्षणानंतर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. परदेशातील वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. आणि इथे मात्र त्यांना राहायला जागा मिळेना. परमुलखातील अनोळखीपणात मोकळा श्वास घेणारी माणसे आजही आहेत. त्यांना परत येण्याचे आवाहन करण्यापूर्वी घराने स्वतःचे दार तपासावे.

शेवटची अडचण सर्वांत सूक्ष्म आहे, आणि या शाळेच्या दृष्टीने सर्वांत गंभीरही. जे फुकट मिळते त्याची निगा राखली जात नाही. न्यू टाउनमधल्या मराठी घरात आई रोज रात्री मुलाला मराठी गोष्ट वाचून दाखवते, कारण ती न वाचल्यास घराबाहेर मराठीचा एक शब्दही त्याच्या कानावर पडणार नाही. कोलकात्याच्या हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवाला ते कुटुंब शहर ओलांडून जाते, कारण वर्षातून एकदा तरी मुलाने आरती घोळक्यात म्हणावी अशी तिची इच्छा असते. महाराष्ट्रातल्या घरात मात्र भाषा आहेच, ती कुठे जाते, या भरवशावर तिची पुस्तके माळ्यावर जातात. परमुलखात भाषा टिकवणे हे रोजचे काम असते. स्वराज्यात ते कोणाचेच काम उरत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला. तो आनंदाचा दिवस खराच. परंतु दर्जा सरकार देते, भाषा मात्र संध्याकाळी घरात बोलली जावी लागते. मराठी माध्यमाच्या शाळांतील रिकामी होणारी बाके परप्रांतीयांनी रिकामी केलेली नाहीत.

मग बाहेर राहणाऱ्याने काय करावे? याचे एक थोर उदाहरण बंगालमध्येच आहे. सखाराम गणेश देऊस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये देवघरजवळ, तिथेच स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात झाला. त्यांनी बंगालीत लिहिले, आणि असे लिहिले की १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'देशेर कथा' या ग्रंथाने स्वदेशीच्या चळवळीला इंग्रजी राजवटीतील आर्थिक लुटीचा लेखाजोखा पुरवला. १९१० मध्ये सरकारने त्या ग्रंथावर बंदी घातली. बंगालच्या स्मृतीत मराठे म्हणजे बर्गी, १७४० च्या दशकात स्वाऱ्या करणारे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. बागबाजारात 'मराठा डिच' नावाची गल्ली अजून आहे आणि बंगाली अंगाईगीतात बर्गींची भीती अजून आहे. त्या भूमीवर देऊस्करांनी शिवाजी महाराजांचा उत्सव रुजवण्यासाठी झटून काम केले आणि रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. एका परमुलखातल्या माणसाने आपल्या लोकांची तिथली ओळख बदलली, आणि ते त्या मुलखाची भाषा मनापासून आपली करून. स्वतःचेपण जपण्यासाठी त्यांना दार लावून बसावे लागले नाही.

न्यू टाउन आणखी एक गोष्ट दाखवते. तिथल्या अनेक सदनिकांत बंगाली आईवडील एकटे राहतात. मुले बंगळूर, पुणे किंवा परदेशात असतात. ज्येष्ठांसाठी 'स्वप्नभोर' नावाचे खास उद्यान आणि 'स्नेहदिया' नावाचे निवासस्थान या नगराला उभारावे लागले. म्हणजे चंद्रपूरची मुलगी न्यू टाउनला आणि न्यू टाउनचा मुलगा हिंजवडीला, असा हा व्यवहार आहे. त्या दोघांच्या मधून गीतांजली एक्स्प्रेस धावते. रवींद्रनाथांच्या ग्रंथाचे नाव असलेली ही गाडी डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर वर्गविरहित गाडी म्हणून सुरू झाली, तेव्हा रेल्वेमंत्री होते मधु दंडवते. आणि या सर्वांच्या पलीकडे राजारहाटचे मूळचे शेतकरी आहेत. त्यांनी ना राज्य सोडले, ना गाव. गावच त्यांच्या पायाखालून निघून गेले. त्यांच्यातले कित्येक आज त्याच भूमीवर रखवालदारी करतात, तीनचाकी चालवतात. स्वतःच्या राज्यात राहूनही माणूस बेघर होऊ शकतो, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

बंगालीत राहत्या जागेसाठी दोन शब्द आहेत. 'बाडी' म्हणजे घर आणि 'बासा' म्हणजे मुक्कामाची जागा. मराठीतही तसेच दोन आहेत: घर आणि बिऱ्हाड. न्यू टाउनमधल्या मराठी कुटुंबाला वाटते, आपले हे बिऱ्हाड आणि नागपूरचे ते घर. पण घर नुसते मालकीने होत नाही. कोणी तरी रोज दिवा लावला तर ते घर. रोज मराठी वाचणारे तिथले बिऱ्हाड हे घर असू शकते, आणि जिथे भाषा, शेजार, नदी, शाळा यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही ते इथले वडिलोपार्जित घर केवळ बिऱ्हाड ठरू शकते.

आणखी एक शब्द दोन्ही भाषांत आहे, 'अभिमान'. मराठीत तो गर्वाच्या शेजारी बसतो. बंगालीत त्याचा अर्थ निराळा: जिवलगाने दुर्लक्ष केल्यावर मनात दाटणारा रुसवा. महाराष्ट्रात राहणाऱ्याला आपल्या राज्याचा मराठी अभिमान असतो. बाहेर राहणाऱ्याच्या मनात बहुधा बंगाली अभिमान असतो. आपण आठवण काढतो, पण तिथे आपली कोणी काढते का, हा तो रुसवा. तो रुसवा काढण्याचे काम राहणाऱ्यांचे आहे. दोन्ही समाजांनी आपले मोठे सण याच भावनेवर उभे केले आहेत. बंगालमध्ये दुर्गा मुलाबाळांसह माहेरी येते, तिच्याबरोबर गणपतीही असतो. महाराष्ट्रात गणपतीच्या दिवसांत गौरी माहेरवाशिणी म्हणून येतात. दोन्हीकडे उत्सव दूर राहणाऱ्याच्या येण्याचा आहे, आणि तो शक्य होतो कारण कोणी तरी घरी राहून दार उघडे ठेवलेले असते.

साठ वर्षे या शाळेने तेच केले आहे. म्हणून पालकांनी या हीरक महोत्सवी वर्षात एक गोष्ट करावी. मुलाने पुढे कुठे राहावे हे आज ठरवू नये. परंतु तो जिथे राहील तिथे बिऱ्हाडाचे घर करू शकेल इतकी भाषा त्याच्याबरोबर द्यावी. आणि झवेरी बाजारातला घाटालचा कारागीर किंवा हिंजवडीतला न्यू टाउनचा तरुण शेजारी राहायला आला, तर विट्याच्या गलाईवाल्याला कोलकात्यात जशी वागणूक मिळावी असे वाटते, तशीच त्याला द्यावी.

मेळाव्यानंतर जेवणाच्या पंगतीत तो प्रश्न पुन्हा विचारला जाईल, "सध्या कुठे असतोस?" जो इथे आहे त्याने "इथेच" हे उत्तर आवाज न उतरवता द्यावे. जो बाहेर आहे त्याने नुसते गावाचे नाव सांगावे आणि थांबावे. दिवाळीला तो येणारच आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते.